वेबसाइट कुणाकडून करून घ्यावी?

आमची थोरली मुलगी कल्याण पूर्वेला शाळेचे गणवेश शिवून देते. घराचीच पुढची खोली, चार मशीन, कामाला दोन बायका, आणि मार्च ते जून मान वर करायला फुरसत नाही, असा हा धंदा. जावई कंत्राटी कामावर आहेत, त्यामुळे घर खरे तर या मशीनींवरच चालते. गेली काही वर्षे ती एका व्यापाऱ्यामार्फत शाळांना माल देत होती. शिवायचे हिने, नाव त्याचे, आणि प्रत्येक शर्टामागचा मधला पैसाही त्याचा. मागच्या दिवाळीनंतर तिने ठरवले की पालकांनी सरळ आपल्याकडे यावे आणि त्यासाठी वेबसाइट करावी. भिशीचे पंचवीस हजार हातात आले होते. जावयांचे म्हणणे, त्या पैशात जुने ओव्हरलॉक मशीन घ्यावे. घरात आठ दिवस वाद चालला. मुलगी म्हणाली, "मशीन कपडा शिवेल, पण गिऱ्हाईक कुठून आणेल?" त्यावर जावई गप्प बसले; पटले असे मात्र म्हणाले नाहीत.

मी काही संगणकवाला नाही. गिरगावातल्या एका छापखान्यात मी खिळे जुळवणारा कंपोझिटर होतो. पुढे डीटीपी आले तेव्हा तेही शिकलो. छापखाना निवडणे आणि वेबसाइट करणारा निवडणे यांत मला फारसा फरक दिसला नाही, म्हणून चार गोष्टी वाचकांपुढे ठेवतो. आपल्या वस्त्यांतून आता घरोघरी केटरिंग, मंडप, ब्युटी पार्लर, फॅब्रिकेशन असे धंदे उभे राहिले आहेत. त्यांना हा प्रश्न आज ना उद्या पडणारच.

तिघेजण येऊन गेले. पहिले गृहस्थ ठाण्याच्या ऑफिसातून आले. बूट चकचकीत, लॅपटॉप त्याहून चकचकीत. चाळीस हजार सांगितले आणि म्हणाले, "मॅडम, तीन महिन्यांत गुगलवर एक नंबर. लेखी गॅरंटी." मी विचारले, तुम्ही दहा गणवेशवाल्यांना अशी गॅरंटी दिलीत तर एक नंबरवर बसणार कोण? ते हसले. खुद्द गुगल कंपनीनेच लिहून ठेवले आहे की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही. पैसे भरून जाहिरात वर आणता येते, पण ती जाहिरात; पैसे थांबले की खाली. त्यांच्या कोटेशनमध्ये सुरक्षा प्रमाणपत्राचे वर्षाला तीन हजार वेगळे लावले होते. हे प्रमाणपत्र नसेल तर क्रोममध्ये पत्त्याशेजारी 'सुरक्षित नाही' असा शेरा येतो, २०१८ पासून येतो. म्हणून ते हवेच. पण 'लेट्स एन्क्रिप्ट' नावाची संस्था ते फुकट देते आणि बऱ्याच होस्टिंग कंपन्या ते आपोआप लावून देतात. हे आम्हाला तिसऱ्या बाईंकडून कळले.

दुसरा मुलगा ओळखीतला, कॉलेजात शिकणारा. आठ हजारांत करतो म्हणाला. मुलगा गुणी होता, हात चांगला होता. आम्ही विचारले, वेबसाइटचे नाव कुणाच्या नावावर घेणार? तो सहज म्हणाला, "माझ्याच अकाउंटवर घेतो ना ताई, तुम्हाला कशाला त्रास!" तेव्हा मुलीने माझ्याकडे पाहिले, कारण आमच्याच चाळीतले उदाहरण ताजे होते.

शेजारच्या एका कुटुंबाचा केटरिंगचा धंदा आहे. त्यांनी एकाकडून वेबसाइट करून घेतली होती. नाव छान, फोटो छान, तेच नाव टेम्पोवर रंगवलेले आणि लग्नपत्रिकांसोबत वाटायच्या कार्डावरही छापलेले. दोन वर्षांनी करणारा माणूस दुसऱ्या शहरात गेला, फोन लागेना. नाव त्याच्या खात्यावर, मुदत संपल्याची सूचना त्याच्या ईमेलवर. संपल्यावर थोडे दिवस सवलतीचे असतात, पुढे दंड भरून सोडवण्याची मुदत असते, आणि त्यानंतर ते नाव जगात कुणीही घेऊ शकतो. झालेही तसेच. आज ते नाव उघडले तर भलतीच पाने दिसतात. आणि टेम्पो तसाच फिरतो आहे.

आमच्या छापखान्यात असेच चालायचे. गिऱ्हाईक दुकानाच्या निशाणीचा जस्ताचा ब्लॉक करून घ्यायचे, पैसेही तेच द्यायचे, पण ब्लॉक राहायचा मालकाच्या कपाटात. दुसऱ्या छापखान्यात जायचे म्हटले की "ब्लॉक सापडत नाही." शहाणी माणसे छपाई झाली की ब्लॉक कागदात गुंडाळून घरी न्यायची. डोमेन म्हणजे वेबसाइटचे नाव. वर्षाला साधारण हजार-बाराशे रुपयांची गोष्ट; पहिले वर्ष स्वस्त दाखवून पुढे वाढवतात, तेव्हा नूतनीकरणाचा दर आधी विचारावा. खाते आपल्या ईमेलवर आणि आपल्या मोबाइलवर उघडावे, पैसे आपण भरावेत, मालक म्हणून आपले नाव लिहावे. जागेच्या भाड्याचे, म्हणजे होस्टिंगचेही तसेच. करणाऱ्याला कामापुरती किल्ली द्यावी. यात त्याचा अपमान नाही. आपण गवंड्याच्या नावावर घर बांधतो का?

तिसऱ्या बाई डोंबिवलीच्या, घरूनच काम करणाऱ्या. त्यांनी लॅपटॉप उघडलाच नाही. आधी विचारले, गिऱ्हाईक शाळा की पालक? पालक विचारायला फोन करतात की व्हॉट्सॲप? माप कसे घेता? परत आलेला माल बदलून देता का? मुलीने गेल्या वर्षीची वही काढली. बहुतेक फोन "अमुक शाळेचा आठवीचा शर्ट आहे का आणि केवढ्याला" एवढेच विचारणारे. बाई म्हणाल्या, "मग पहिल्या पानावर शाळांची यादी, खाली मापांचा तक्ता आणि दर. फिरती चित्रे नकोत." त्यांनीच सांगितले की गुगलवरची धंद्याची नोंद, गुगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात ती, फुकट असते. नकाशावर दुकान त्यामुळेच दिसते. तीही मुलीच्या खात्यातून करायची, ती मालक आणि बाई फक्त व्यवस्थापक. स्वतःच्या कमाईचा भाग कमी करणारा सल्ला जो माणूस देतो, त्याच्याकडे माझा कल आपोआप झुकतो.

तरी आम्ही एवढ्यावर थांबलो नाही. त्यांनी केलेल्या तीन वेबसाइटींचे पत्ते घेतले आणि मुलीने तिन्ही धंदेवाल्यांना स्वतः फोन केले. विचारले एकच: काम झाल्यावर बाई फोन उचलतात का? दोघे हो म्हणाले, तिसऱ्याने उशिरा उचलतात असे सांगितले. मी त्या वेबसाइटी माझ्या जुन्या साध्या फोनवर उघडून पाहिल्या. पालकांकडे असलेच फोन असतात. पहिल्या साहेबांचे नमुने माझ्या फोनवर चहा पिऊन झाला तरी उघडत नव्हते, कारण कॅमेऱ्यातून निघालेले चार-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवलेले. तोच फोटो दोनशे केबीत बसवता येतो आणि डोळ्याला फरक कळत नाही.

मराठी मजकुराचे मात्र मला जास्त लागले. पहिल्यांच्या एका नमुन्यात 'दुसऱ्या' हा शब्द असा मोडला होता की खिळ्यांच्या काळात फोरमनने गॅली उचकटायला लावली असती. दुसऱ्या एका नमुन्यात सगळे मराठी म्हणजे एक चित्रच होते. चित्रातली अक्षरे शोधात नीट सापडतील याचा भरवसा नाही, आणि दर बदलला की पुन्हा चित्र करावे लागते. डीटीपीच्या जुन्या फाँटमधला मजकूर जसाच्या तसा चिकटवला तर तोही गिचमिड होतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा. बाईंचा मजकूर तसा होता. मी प्रूफ तपासले. सात चुका काढल्या, त्यांनी त्याच संध्याकाळी दुरुस्त केल्या.

बावीस हजार ठरले. तीन हप्ते: सुरुवातीला, कच्चे काम दाखवल्यावर आणि सगळ्या किल्ल्या हाती आल्यावर. काम वर्डप्रेसवर, कारण ते फुकट असून उद्या दुसरा जाणकारही पुढे चालवू शकतो. दोन पानी कागद केला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर अशा कामाचा हक्क मुळात करणाऱ्याचाच असतो. तो आपल्याकडे यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी यावा लागतो. किती काळासाठी ते लिहिले नाही तर पाच वर्षेच धरतात. म्हणून 'कायमचा' हा शब्द मुद्दाम घातला. बाई जरा थबकल्या, म्हणाल्या, "आजवर कुणी मागितला नव्हता." मग सही केली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वेबसाइट सुरू झाली. एप्रिलचा पहिला पंधरवडा एकही फोन नाही. जावई काही बोलले नाहीत, पण ओव्हरलॉकचे भाव सांगणारा एक कागद टेबलावर दिसू लागला. मेमध्ये टिटवाळ्याहून एक बाई आल्या, मग त्यांच्या ओळखीच्या दोन. जूनपर्यंत एकसष्ट पालक थेट आले. वहीत नोंद आहे. व्यापाऱ्याचे काम अजून सोडलेले नाही, सोडण्याएवढे हे पुरेसे नाही. पण यंदा त्याने शर्टामागे भाव पाडायला सुरुवात केली तेव्हा मुलीने पहिल्यांदाच "परवडत नाही" म्हटले, आणि त्याने जुनाच भाव दिला.