खोलीचं तापमान

धुळ्याच्या आमच्या घरात तापाचा थर्मामीटर माठाशेजारी ठेवलेला असे. मे महिन्यात तो चुकून कपाटात राहिला, की घरात कुणी आजारी नसताना पारा शंभराच्या पुढे जाऊन बसायचा. आई झटकायची, पण उपयोग नसायचा. ताप खोलीलाच आलेला असायचा.

बी.एस्सी.ला धुळ्याच्याच कॉलेजात प्रयोगशाळेचा लांब थर्मामीटर हाती आला. त्याला दोऱ्यानं केशनळी बांधायची, द्रव पॅराफिनमध्ये सोडायची आणि पदार्थ कधी वितळतो ते बघत उभं राहायचं. खरी गंमत मात्र फडताळात होती. फेनॉल ४०.५ अंशांना वितळतं. डिसेंबरात त्याची बाटली कोमट पाण्यात ठेवून खडे मोकळे करावे लागत. मे महिन्यात ते आपसूक पातळ झालेलं असे. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड १६.६ अंशांना गोठतं. जानेवारीतल्या कडाक्याच्या सकाळी ते बाटलीत बर्फासारखं थिजलेलं दिसे. पुस्तकातले आकडे खानदेशचे ऋतूच पाठ करून घेत होते.

एम.एस्सी. जळगावला, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात. १९९० साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. तिथं प्रकल्पासाठी इथर लागे, आणि इथर उकळतं ३४.६ अंशांना. एप्रिलच्या दुपारी बाटलीचं झाकण काढणं म्हणजे धोकाच. "ताई, आज ऊन भलतं शे, इथर उघाडू नका," असं प्रयोगशाळेतले दादा बजावायचे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देई. ते कंडेन्सरमधून सोडून वाफ थंड कशी होणार? मग बादलीत बर्फ टाकायचा, कूलरची छोटी मोटर त्यात बुडवायची आणि तेच गार पाणी फिरवत ठेवायचं. ॲनिलिनपासून डायझोनियम क्षार करताना तर शून्य ते पाच अंश सांभाळावे लागत. पारा जरा वर सरकला, की नायट्रोजनचे बुडबुडे सुटायचे आणि नारंगी रंगाऐवजी काळपट चिकटा हाती यायचा. लादीचा बर्फ भुसा झाडून, फोडून तयार ठेवणं हाही संशोधनाचाच भाग होता.

पुढे औषध कंपनीत नोकरी लागली. प्रयोगशाळेला एसी, भिंतीवर २५ अंश. तिथल्या एका कपाटात गोळ्या ४० अंश तापमानात आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवत. या कडक परीक्षेत टिकल्या तर पुढची बोलणी. मे महिन्यात जळगावची दुपार ४० अंशांना मागे टाकून जवळजवळ रोजच पुढे जाते, हे मी सहकाऱ्यांना सांगे, तेव्हा ते हसत.

आता मी शिकवते. भारतीय बनावटीच्या मोजपात्रावर २७ अंश असं कोरलेलं असतं, ते मुलांना पहिल्याच तासाला वाचायला लावते. २७ अंशांचं एक लिटर पाणी ४२ अंशांना सुमारे ५ मिलीलिटरनं वाढतं. म्हणजे सकाळी बनवलेलं द्रावण दुपारी अर्ध्या टक्क्यानं सौम्य. ब्युरेट कितीही नेटकी वाचली, तरी हा फरक उत्तरात शिरतोच.

पुस्तकं 'खोलीच्या तापमानाला' एवढंच लिहून पुढे जातात. ती खोली आपली नसते. म्हणून मुलांनो, प्रयोगवहीत तारखेखाली आधी त्या वेळचं तापमान लिहा. ब्युरेटचं वाचन त्यानंतर.