परत आलेला पुदिना



काल बाजारात पुदिन्याच्या शंभर जुड्या नेल्या. साठ गेल्या, चाळीस परत आल्या. शेवटी शेवटी दोन रुपयालाही जुडी कुणी घेईना. उन्हात पुदिना लगेच मान टाकतो, म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी आणला.

पुण्याहून पोरगं आलेलं, सोबत दोन मित्र. म्हणाला, "आबा, फेकू नका, मोहितो करतो." हे मूळचं क्यूबाचं. पुदिना, लिंबू, साखर, सोडा आणि रम. मी पानं पाट्यावर वाटायला घेतली तर त्यानं हात धरला. वाटली की कडू होतात. वास सुटेपर्यंत नुसती दाबायची.

चार ग्लास मांडले. रमची बाटली निघाली तशी कारभारीण दारात येऊन उभी राहिली. मी सोडून सहा वर्षं झाली, पण माझा भरवसा मलाच नाही. पोरानं माझ्या ग्लासात नुसता सोडा ओतला. बोलला काही नाही. मित्रांना कळलंही नाही. लय भारी लागलं.

मग पाक केला. एक वाटी साखर, एक वाटी पाणी. उकळी आली की गॅस बंद, दोन मुठी पानं टाकून अर्धा तास झाकण. गाळून फ्रीजमध्ये ठेवला. आठवडाभर टिकतो. दोन चमचे पाक, अर्धं लिंबू, गार पाणी, झालं सरबत.

बाकीच्या जुड्या गल्लीत वाटल्या. पैसे गेले ते गेलेच, पण माल बांधावर टाकला नाही.

तुम्ही परत आलेल्या पुदिन्याचं काय करता? सांगा.