बाजूला ठेवलेले शब्द

पंडिता रमाबाईंचे बायबलचे मराठी भाषांतर प्रथम वाचले, तेव्हा आम्ही मनातल्या मनात हसलो होतो. १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, त्यांची मराठी इतकी बाळबोध? (संस्कृतप्रचुरतेलाच शैली समजण्याची खोड आम्हांला वर्गातच लागलेली.)

पुढे केडगावच्या ‘मुक्ति’विषयी वाचले. १८९६-९७च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुली, विधवा, अंध स्त्रिया यांना तेथे अन्न मिळाले आणि अक्षरही. ख्रिस्ताने शेजाऱ्यावर प्रीती करावयास सांगितले. बाईंच्या लेखी हा शेजारी म्हणजे नुकतीच अक्षरओळख झालेली बाई. मूळ ग्रंथासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. या वाचकिणीसाठी मात्र बाळपणापासून कमावलेले संस्कृत शब्द त्यांनी बाजूला ठेवले. छापखान्यात खिळे जुळविले तेही तिथल्याच स्त्रियांनी. बाई १९२२ मध्ये गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला.

परवा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, ‘प्रतिपाद्य’ म्हणजे काय?” आम्ही तिला शब्दकोश पाहावयास सांगितले आणि पान उलटले.