आज कांदा काय गेला?

गेल्या हिवाळ्यात अण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर त्यांचं मोबाइलवर वाचणं बंदच झालं. गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाजारभावाचे फोटो येतात, पण त्यातली अक्षरं मुंगीएवढी. मग रोज संध्याकाळी मला फोन: "ताई, आज कांदा काय गेला?" मी नाशिकला, पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटमध्ये बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. मीटिंग म्यूट करून कृषी पणन मंडळाची साइट उघडायची, लासलगावच्या ओळी शोधायच्या आणि वाचून दाखवायच्या. पंधरा दिवसांनी वाटलं, हे काम मशीनला का देऊ नये? माझं पोट तर यावरच चालतं.

ऑफिसात मी बोलणारी ॲप्स बनवते. अलेक्सासाठी हिंदी आणि इंग्रजीत केलेली आहेत. अलेक्साला 2019 मध्ये हिंदी आली, पण तिथे मराठीत स्किल बनवता येत नाही. गुगल असिस्टंटला मराठी कळते, मात्र बाहेरच्या लोकांनी त्यावर आपली संवादी ॲप्स बनवण्याची सोय जून 2023 मध्ये बंद झाली. म्हणून मी सरळ टेलिग्रामचा बॉट केला. अण्णा व्हॉइस नोट पाठवणार, आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारतने खुलं केलेलं मॉडेल त्याचा मजकूर करणार, माझा पायथन प्रोग्राम उत्तर शोधणार आणि ते आवाजात परत जाणार.

या कामातला मधला टप्पा महत्त्वाचा. माणूस एकच गोष्ट दहा प्रकारे विचारतो. 'आज काय भाव?', 'कांदा काय गेला?', 'काय भाव फुटला?' या सगळ्यांमागचा हेतू एकच, त्याला आमच्या धंद्यात इंटेन्ट म्हणतात. त्या हेतूचं काम करणारा कोडचा तुकडा म्हणजे हँडलर. भाव फुटणं म्हणजे लिलाव सुरू होऊन पहिला दर पुकारला जाणं, हे निफाड तालुक्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मॉडेलला ते मीच शिकवायचं होतं.

मी घाईत लिहिलं, ते कसं लिहिलं ते सांगायला लाज वाटते. एकच फाइल आणि त्यात इफ-एल्सची शिडी. वाक्यात 'पाऊस' आला तर हवामान, 'टोमॅटो' आला तर पिंपळगाव बसवंतचा भाव, 'उन्हाळ कांदा' आला तर त्याचा भाव, असं खाली खाली. ऑफिसात कुणी असा कोड आणला असता तर मी परत पाठवला असता. घरचं काम म्हणून चालवून घेतलं.

पहिला घोळ गमतीचा झाला. अण्णांनी विचारलं, "उन्हाळ काय गेला?" मॉडेलला ऐकू आलं, 'उन्हाळा काय गेला'. बॉटने उद्याचं तापमान सांगितलं. अण्णा इतके हसले की आईने स्वयंपाकघरातून येऊन विचारलं काय झालं. मीही हसले आणि रात्री शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर एक अट ठोकली: वाक्यात 'काय गेला' किंवा 'भाव' असेल तर कांद्याचा दर सांग. कुठल्या कांद्याचा? लासलगावच्या यादीतली पहिली कांद्याची ओळ त्या दिवसांत लाल कांद्याची होती, तीच घेतली. बॉट नीट बोलू लागला. अण्णा खूश, मी दुसऱ्या कामाला लागले.

मार्चमध्ये बाजारात दोन्ही असतात. लाल आणि रांगडा संपत आलेला, उन्हाळ नुकता सुरू. पणन मंडळाच्या तक्त्यात प्रत्येक प्रतीची वेगळी ओळ असते: आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. एका संध्याकाळी शेतावर व्यापारी आला. शिवार खरेदीत तो उन्हाळ कांद्याला क्विंटलमागे साडेसोळाशे द्यायला तयार होता. अण्णांनी बांधावर उभं राहून बॉटला विचारलं, "उन्हाळचा काय भाव?" वाक्यात 'भाव' होता, त्यामुळे वरच्याच पायरीवर अडकलं, खालच्या उन्हाळच्या अटीपर्यंत पोहोचलंच नाही. बॉट स्वच्छ आवाजात म्हणाला, लासलगाव, कांदा, सर्वसाधारण दर एक हजार पाचशे पन्नास. तो लालचा दर होता. अण्णांनी ट्रॉलीभर माल, बावीस क्विंटल, तिथेच दिला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचा तसाच माल मार्केटला एकोणीसशेने गेला. भाडं, हमाली, तोलाई वजा जाता चारेक हजारांचा फटका.

अण्णा मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्याला माहीत नव्हतं तर गप्प बसायचं ना. एवढ्या ठसक्यात कशाला सांगायचं?"

त्या शनिवारी मी शिडी मोडली. प्रत्येक हेतूला स्वतंत्र क्लास दिला आणि प्रत्येक क्लासच्या डोक्यावर एक डेकोरेटर लावला. ज्यांचा पायथनशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्केट यार्डात लिलाव झाला की ट्रॉलीवाल्याला दराची चिठ्ठी मिळते. चिठ्ठीने कांदा बदलत नाही, पण माल कुणाच्या खळ्यावर उतरायचा, पैसे कोण देणार, हे त्यावरून ठरतं. डेकोरेटर तशी चिठ्ठी आहे. ॲट चिन्हाने सुरू होणारी एक ओळ, क्लासच्या वर लिहायची. पायथनमध्ये फंक्शनवर ती 2004 पासून लावता येते, क्लासवर लावायची सोय 2008 मध्ये आली. प्रोग्राम सुरू होताना पायथन तो क्लास बनवतो आणि चिठ्ठीच्या हवाली करतो. माझी चिठ्ठी त्याचं नाव एका वहीत नोंदवते आणि क्लास जसाच्या तसा परत देते. पुढे प्रश्न आला की वहीत बघायचं, हेतूचं नाव शोधायचं, त्या क्लासला हाक मारायची. वर-खाली पायऱ्याच नाहीत.

पायथन तीनमध्ये नावं देवनागरीतही चालतात, म्हणून माझ्या क्लासांची नावं भाव, आवक, हवामान अशी आहेत. ऑफिसात हे दाखवलं तर लोक डोळे मोठे करतात. मला मात्र ती फाइल वाचताना बरं वाटतं.

पण खरं सांगायचं तर नीटनेटकेपणाने अण्णांचे चार हजार वाचले नसते. क्लास करूनही चूक तशीच राहू शकते. अलेक्साच्या पायथन किटमध्येही हँडलर क्लास असतात, प्रत्येकाला 'तू हे घेशील का?' असं रांगेने विचारलं जातं, आणि पहिला हो म्हणेल त्याला काम मिळतं. तिथेही एखादा हावरट क्लास वर बसला की खालचे उपाशी. फरक पडला तो चिठ्ठीवर मी काय लिहायला लावलं त्याने. दोन क्लासांनी एकाच हेतूवर हक्क सांगितला तर बॉट सुरूच होत नाही, मला एरर येते. आणि प्रत्येक चिठ्ठीवर लिहावंच लागतं की उत्तर देण्याआधी कोणत्या गोष्टी माहीत हव्यात. भावासाठी तीन: बाजार, पीक, प्रत. एक जरी नसेल तर क्लासचं काम सुरू होत नाही. बॉट विचारतो, "लाल की उन्हाळ?" आणि उत्तरात प्रत आणि तारीख नेहमी सांगतो. अण्णांचं 'गप्प बसायचं ना' मी असं कोडमध्ये घातलं.

यातही एकदा आपटले. आवकेचा क्लास वेगळ्या फाइलमध्ये लिहिला, वर चिठ्ठी लावली आणि ती फाइल मुख्य प्रोग्राममध्ये इम्पोर्ट करायचीच विसरले. चिठ्ठी वाचली जाते ती फाइल उघडल्यावरच. वहीत नोंद नाही, म्हणून एररही नाही. दोन दिवस बॉट अण्णांना 'समजलं नाही' म्हणत होता, आणि अण्णा मोठमोठ्याने, सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसं त्याला विचारत होते. आता सुरू होतानाच बॉट मला वहीतल्या नावांची यादी पाठवतो.

आकड्यांचं वेगळंच. आवाज देणारं मॉडेल 1850 ला 'एक हजार आठशे पन्नास' म्हणायचं. अण्णा म्हणाले, हा कुठल्या बँकेतून बोलतोय? यार्डात कुणी असं बोलत नाही, साडेअठराशे म्हणतात. 1750 म्हणजे पावणेदोन हजार. मी दीड, अडीच, सव्वा, साडे आणि पावणे यांचा एक छोटा क्लास लिहिला, आणि खोटं वाटेल, सगळ्या बॉटमध्ये तो लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला.

ज्या वाक्याला वहीत कुणीच वाली नसतो ते मी एका यादीत ठेवते. रविवारी ती वाचते. 'लाईट कधी येणार', 'नाफेडची खरेदी चालू झाली का', 'ताई जेवली का' अशी वाक्यं असतात. काहींना क्लास मिळाले. एक वाक्य मात्र सारखं येत होतं: 'विकू का थांबू?'

याचं उत्तर देणारा क्लास लिहायचा मी एकदा प्रयत्न केला. मागच्या काही वर्षांचे दर घेतले, आलेख काढले. मग डिसेंबर 2023 च्या निर्यातबंदीशी येऊन थांबले. तो निर्णय दिल्लीत झाला होता, माझ्या तक्त्यातल्या कुठल्याच ओळीत त्याची चाहूल नव्हती. तो कोड पुसला.

क्लास मात्र ठेवला आहे. वर चिठ्ठी आहे, वहीत नाव आहे आणि आत एकच ओळ: मला मेसेज पाठव. परवा रात्री पावणेदहाला मेसेज आला. मी फोन केला.

"अण्णा, चाळीत किती आहे अजून?"

"साठेक क्विंटल असेल. खालच्या थराला थोडा वास यायला लागलाय."

"मग तेवढा थर काढा. बाकीचं उद्या बोलू."

"बरं," ते म्हणाले. "तू जेवलीस का?"