‘नाही’ आणि ‘सापडत नाही’

बालमित्रांनो, वर्गात कंपास हरवला की तुम्ही लगेच म्हणता, “बाई, माझा कंपास नाही!” मग मी विचारते, “नाही, की सापडत नाही?” तुम्ही हसता. पण या दोन गोष्टींत केवढं अंतर असतं, ते आमच्या वर्गाला एकदा संगणकाने दाखवून दिलं.

आमची शाळा नागपुरात, धरमपेठेत. चौथीच्या मुलांनी शाळेच्या अंकासाठी आजी-आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी लिहिल्या होत्या. टाइप झालेल्या त्या गोष्टी पेनड्राइव्हवर आल्या आणि स्नेहसंमेलनाच्या शेकडो फोटोंबरोबर शाळेच्या संगणकात उतरवल्या. लगेच एका मुलीने शोधाच्या चौकटीत आपल्या गोष्टीचं नाव लिहिलं, ‘संत्र्याची बाग’. तिचे आजोबा काटोलकडे बागेची राखण करत, त्यांची ती गोष्ट. संगणकाने उत्तर दिलं, काही सापडलं नाही.

“बाई, माझी गोष्ट सापडूनच नाही राहिली!” तिचे डोळे भरून आले. कागद रद्दीत गेलेला आणि आजोबा आता नव्हते. पुन्हा विचारायचं कुणाला? तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “गोष्ट आलीच नसेल. तो पेनड्राइव्ह पुसा, दुसऱ्या कामाला हवा आहे.” मी म्हटलं, “थांबा! काही पुसायचं नाही.”

का थांबायचं? कारण संगणक शोधताना दर वेळी सगळ्या फाइली चाळत बसत नाही. फार वेळ जाईल. तो आधीच एक सूची करून ठेवतो, कोणती फाइल कुठे आहे, कोणता शब्द कशात आहे. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच. आपण विचारलं की तो फक्त सूचीत बघतो, म्हणून उत्तर चुटकीसरशी येतं.

अशी सूची करणं सोपं नसतं बरं! डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड आहेत. तो काढणारं ज्ञानकोश मंडळ नागपूरचं, म्हणजे आपल्याच गावाचं! त्यांतला एक अख्खा खंड नुसत्या सूचीचा आहे. शंभर वर्षांपूर्वीचं हे काम, माणसांनी हाताने केलेलं. पण छापलेली सूची छापल्या दिवशी थांबते. संगणकाची सूची मात्र रोज ताजी करता येते.

ती बरेचदा आपोआप ताजी होते. नवी फाइल आली की संगणक तिची नोंद घेतो. पण एकदम शेकडो फाइली आल्या तर रांग लागते. आपण काम करत असलो की हे नोंदीचं काम तो सावकाश करतो, आपला खोळंबा नको म्हणून. शिवाय ज्या कप्प्यात बघायला त्याला सांगितलेलंच नाही, तिथलं काही सूचीत येत नाही.

विंडोजमध्ये ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ नावाची खिडकी असते. ती उघडली, तर नोंद झालेल्या फाइलींचा आकडा हळूहळू वाढत होता. तिथेच ‘रीबिल्ड’ असं एक बटणही असतं. ते दाबलं की जुनी सूची मोडून पहिल्यापासून नवी होते. आपल्या फाइलींना धक्का लागत नाही, पण वेळ बराच जातो. म्हणून तो शेवटचा उपाय. आम्ही वाट पाहिली. मधल्या सुट्टीनंतर तिने तेच नाव पुन्हा लिहिलं आणि गोष्ट समोर आली! सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मुलांनो, माझ्या हातातली हजेरी हीसुद्धा सूचीच. वर्षाच्या मध्येच एखादं मूल दुसऱ्या गावाहून येतं. दाखला पोचायचा असतो, हजेरीत नाव चढायचं असतं. मी सगळी नावं घेते, सगळे ‘हजर’ म्हणतात, आणि ते मूल खिडकीशी गप्प बसून असतं. सूचीला ते दिसत नाही, पण ते वर्गात असतं. म्हणून हजेरी झाली की मी मान वर करून एकदा सगळा वर्ग बघते आणि राहिलेलं नाव पेन्सिलीने लिहून घेते.

तुमच्या शेजारी असं कुणी नवं बसलं असेल, तर माझी वाट बघू नका. आधी त्याचं नाव विचारा.