बाटली

आमच्या लालबागच्या चाळीत औषधाची बाटली एका बिऱ्हाडाची नव्हती. ज्या घरी आजारपण, त्या घरच्या फळीवर ती असे. जे. जे. इस्पितळात औषध फुकट मिळे, पण बाटली आपली न्यावी लागे. म्हणून ती राखेने घासून, बूच उकळून, कापडी पिशवीत उभी धरून आई मला भायखळ्यापर्यंत पायी नेई. खिडकीआडचा कंपाउंडर ती उजेडाकडे धरून विचारी, "बाई, नीट धुतलीय ना?" "होय दादा, दोनदा घासलीय." मग तिच्यात तांबूस मिक्श्चर पडे आणि पोटावर सहा खाचांची कागदी पट्टी डकवली जाई.

पुढे वाचनात आले की, ज्यांच्या नावाचे हे इस्पितळ, ते जमशेटजी जीजीभाई पोरवयातच पोरके होऊन जुन्या बाटल्यांच्या धंद्यात शिरले होते आणि 'बाटलीवाला' हीच त्यांची ओळख झाली होती; तेव्हापासून ती फळीवरची बाटली मला निराळी दिसू लागली. चीनच्या व्यापारात त्यांनी अपार संपत्ती मिळवली, आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती, हे झाकून ठेवू नये. परंतु गरिबांच्या इस्पितळासाठी आपण एक लाख रुपये देतो, तितकीच रक्कम कंपनी सरकारने घालावी, अशी दरखास्त 1838 साली त्यांनीच केली. ती मंजूर होऊन 1843 च्या जानेवारीत कोनशिला बसली आणि 1845 साली रुग्णांना दार उघडले. शेजारीच ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहिले, ज्याच्या पहिल्या पदवीधरांत आपले डॉ. भाऊ दाजी लाड होते. 1896 च्या प्लेगात याच आवारात हाफकिन यांनी मांसरसावर तुपाचे थेंब सोडून रोगाचे जंतू वाढवले, त्यांपासून लस केली आणि 1897 च्या 10 जानेवारीस ती प्रथम स्वतःच टोचून घेतली. आईला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिची श्रद्धा त्या खिडकीवर होती, आणि ती अस्थानी नव्हती असेच मी आजही म्हणेन.

वडील गेले तेव्हा पट्टीवर दोन खाचांचे औषध उरले होते. तेरावा झाल्यावर आईने ते मोरीत ओतले, पट्टी भिजवून सोडवली आणि बाटली राखेने दोनदा घासून उन्हात पालथी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बाटली घेऊन शेजारची सून भायखळ्याच्या वाटेला लागली.