डचांच्या घरचे ऊन

रत्नागिरीत मृगाचा पाऊस कौलांवर वाजू लागला की उन्हाळा संपला असे आम्ही समजतो. गेल्या वर्षी नेमका त्याच सुमारास मी हॉलंडला गेलो, तर तिथे उन्हाळा नुकता सुरू होत होता. माझी धाकटी बहीण नऊ वर्षांपूर्वी मेहुण्यांच्या नोकरीपायी ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टलवेन गावी राहायला गेली. हे डच आपल्याला तसे अगदीच परके नव्हेत. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती, आणि वेंगुर्ले 1981 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. असो. माझ्या सामानात आंबोशी, आमसुले, कुळथाचे पीठ आणि आईचा एक प्रश्न होता : "परत कधी येणार, ते एकदाचं विचारून ये." पीठ पहिल्याच दिवशी डब्यात गेले. प्रश्न माझ्याच खिशात राहिला.

एक तर विचारायला संध्याकाळच होईना! असले प्रश्न दिवेलागणीनंतर विचारायचे असतात, आणि तिथे जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास. सहाला जेवणे उरकतात (बहीणही आता तशीच जेवते) आणि मग सारी गल्ली खुर्च्या घेऊन दारात येऊन बसते. आपण उन्हाला पाठ देणारी माणसे. तिथे ऊन उद्या असेलच याची शाश्वती नाही, म्हणून ते पडले की हातचे काम टाकून सगळे त्याच्याकडे तोंड करून बसतात.

शेजारच्या आजीबाईंनी मला कॉफीला बोलावले, ते पाच दिवस आधी, वार आणि वेळ सांगून. बरोबर साडेदहाला गेलो. एक कप कॉफी, एक बिस्किट, आणि डबा बंद! कोकणी माणसाला चिक्कू म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावे. परंतु बहिणीचा पाय मोडला तेव्हा याच बाईंनी महिनाभर माझ्या भाच्याला सायकलीवरून शाळेत पोचवले होते. तेही अर्थात वेळ ठरवून.

एके दिवशी घराघरांवर राष्ट्रध्वज दिसले. कुठला राष्ट्रीय सण असावा म्हणून पाहतो, तर प्रत्येक काठीला एकेक जुने दप्तर लोंबकळत होते. शालान्त परीक्षेचा निकाल लागला होता. मूल पास झाले की त्याचे दप्तर झेंड्याबरोबर वर चढवायचे! उभी हयात पेपर तपासण्यात चाललेल्या मला ते फार आवडले. किती टक्के पडले, हे दप्तरावरून काही कळत नाही.

त्याच आठवड्यात नवे हेरिंग बाजारात आले. हा मासा मिठात मुरवलेला असतो, पण चुलीवर चढलेला नसतो. त्याला बारीक चिरलेला कांदा लावायचा, शेपटीला धरायचे आणि मान वर करून तोंडात सोडायचा. मेहुणे चार पावले लांब उभे राहिले. मी मात्र मिरकरवाड्याचे नाव राखले. लोण्यासारखा लागला, तिरफळाची आठवण आली एवढेच.

पण डचांचा उन्हाळा खरा पाण्याकाठी पाहावा. या देशाची सुमारे चौथाई जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. मी ज्या स्किफोल विमानतळावर उतरलो, तो एका सरोवराच्या तळावर आहे. 1852 साली पंपांनी ते सरोवर कोरडे केले. आपल्याकडेही खाजणाला बांध घालून खारे पाणी अडवतात आणि आत भात पिकवतात. बांध फुटला तर भात जातो. तिथे 1953 च्या जानेवारीअखेर वादळात बांध फुटले, तेव्हा 1836 माणसे गेली. त्यानंतर त्यांनी बांध उंच केले, खाड्यांची तोंडे बांधून काढली. मुलांना पोहायला तर ते शिकवतातच.

आमच्या घरी उलटे झाले. मी सहा वर्षांचा असताना आमचा एक चुलतभाऊ भाट्याच्या समुद्रात बुडाला. त्यानंतर घरातल्या कुठल्याही पोराला गुडघ्यापलीकडच्या पाण्यात जाऊ दिले नाही. रोज रात्री समुद्राची गाज ऐकत झोपलेली आम्ही भावंडे, पण पोहता कोणालाच येत नाही.

मी निघण्याच्या आदल्या शनिवारी भाच्याची पोहण्याची परीक्षा होती. वय वर्षे सात. काठावर आईबाप, आजीआजोबा, फुलांचे गुच्छ, जणू मुंजच! मुले ओळीने उभी होती, अंगात सदरा, चड्डी आणि पायांत चक्क बूट. कालव्यात पडणारे पोर काही कपडे बदलून पडत नाही! शिट्टी झाली. भाच्याने उडी घेतली आणि तो दिसेनासा झाला. बहिणीने माझे मनगट धरले. तिची नखे रुतली तरी मी हात सोडवला नाही. मग ते काळे डोके वर आले, हातपाय मारू लागले. पुढे पाण्याखाली एक पडदा सोडला होता, त्याला भोक. त्यातूनही तो पार गेला.

"आईला सांगू नकोस हं दादा," ती म्हणाली. "घाबरेल ती."

"बरं."

"मीही शिकतेय. मोठ्यांच्या वर्गात, दर बुधवारी. भीती अजून जात नाही. पण पंचवीस मीटर होतात."

खिशातला प्रश्न मी तिथेच काढणार होतो. काढला नाही.

रत्नागिरीला पोचलो तेव्हा पावसाने झोड उठवली होती. आईने पाय धुवायला पाणी दिले आणि मी पंचाने पाय पुसायच्या आत विचारले, "विचारलंस का रे?"

"नाही," मी म्हणालो. "पोहायला शिकतेय ती."

आई काही बोलली नाही. मांडवीकडून गाज येत होती. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "आणि मुलगा?"

"त्याला येतं. बुटांसकट."

"बुटांसकट?" आई पळी हातात घेऊन दारात आली, आणि मला सगळे पहिल्यापासून सांगावे लागले.